पोर्च आणि भिंतीच्या मधल्या फटीतनं पाणी, दरवर्षी भरतोय तरी गळायलंय... काय करावं?

फुलेवाडीकर
२४ एप्रिल, रात्री ९:५०

मंडळी मदत पाहिजे. लांबण लागणार आहे, आधीच सांगतो.

घर कोल्हापुरात फुलेवाडीत, १९९६ चं, विटेचं बांधकाम, वर एक मजला. पोर्च नंतरचा. २०१४ ला चारचाकी आली तेव्हा समोर दोन कॉलम उभे करून १४ बाय ११ फुटाचा स्लॅब टाकला आणि मागची कड जुन्या भिंतीला टेकवली. पहिली दोन वर्षं काय झालं नाय, तिसऱ्या पावसाळ्यापासनं स्लॅब आणि भिंत जिथं मिळतात त्या रेषेतनं ठिबकायला लागलं ते आजपर्यंत. पप्पा दरवर्षी शिडीवर चढून खालच्या बाजूनं त्या फटीत व्हाइट सिमेंट भरतात आणि दर जुलैत ते भेगाळून खाली पडतंय, बेंदराला बैल आणि पोर्चला व्हाइट सिमेंट हे आमच्यात ठरलेलंच आहे.

यंदा त्यांनी पाडव्याच्या सुट्टीतच लवकर काम उरकलं. आणि परवा जो वळीव झाला त्यात पोर्चमध्ये एक थेंब पडला नाही! आम्ही खूश. सकाळी उठून बघतोय तर हॉलमध्ये, आतल्या बाजूला, दाराच्या वर हातभर ओल. दोन तासाच्या पावसात ही तऱ्हा, मग गगनबावड्याकडनं आठ-आठ दिवसाची झड लागल्यावर काय होईल? घराचं तोंड पश्चिमेला आहे, पाऊस सरळ थोबाडावर येतोय.

पप्पा म्हणालेत फट अजून घट्ट भरू. मिस्त्री म्हणतोय सगळ्या पोर्चवर पत्रा मारा, ४५ हजार होतील. माझा दोन्हीवर विश्वास नाही पण तिसरं काय तेही कळेना.

तांबडा_पांढरा
२४ एप्रिल, रात्री १०:०५

भावा सोपं आहे, पावण्याला पोर्चात बसू दिलं नाहीस म्हणून तो हॉलमध्ये आला 😄

पुण्यात_अडकलेला
२४ एप्रिल, रात्री १०:२२

बसतोय धाग्यावर. कसबा बावड्यात आई-बाबांकडं सेम टू सेम, फक्त पोर्चच्या जागी जिन्यावरचा छज्जा. दर पावसाळ्यात व्हिडिओ कॉलवर मला ओल दाखवतात, मी हिंजवडीतनं काय करणार.

ओळंबा
२५ एप्रिल, सकाळी ६:४०

३४ वर्षं साइट सुपरवायझर म्हणून काढली, आता रिटायर आहे, म्हणून चार शब्द. कंटाळा आला तर सोडून द्या.

तुझं घर आणि तुझा पोर्च ही एक वस्तू नाही, दोन आहेत. घर १९९६ चं, त्याचा पाया बसायचा तेवढा बसून मोकळा झाला. पोर्चचे कॉलम १८ वर्षांनी उभे राहिले, ते आपलं आपलं बसणार. खाली काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणजे दरवर्षी थोडं वर थोडं खाली. शिवाय ऊन. काँक्रीट एक मीटरला एक डिग्रीमागं साधारण ०.०१ मिमी वाढतं. तुझा स्लॅब भिंतीपासून पुढं ११ फूट, म्हणजे सव्वातीन मीटर. एप्रिलच्या दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही आणि वळीव आला की अर्ध्या तासात तो गार पडतो. ३० डिग्रीचा फरक धर, एक मिमी हालचाल झाली. एक मिमी म्हणजे किती असं तुला वाटेल. पण व्हाइट सिमेंटला केसाएवढंही ताणता येत नाही. ते भेगाळणारच, आणि भेग केसाएवढी असली तरी पाणी तिच्यातून ओढलं जातं, नुसतं वरून पडत नाही. तेव्हा तुझ्या वडिलांचा हात वाईट नाही, माल चुकीचा आहे.

दुसरी चूक जास्त मोठी. फट खालून भरायची नसते. पाणी वरून शिरतंय, तू खालची वाट बुजवलीस, मग ते मधेच कोंडून भिंतीत जाणार. तुझ्या हॉलमधली ओल त्यातलीच असू शकते. "असू शकते" म्हणतोय, कारण बघितल्याशिवाय सांगणं बरं नव्हे.

आता हे सांग: स्लॅबच्या वर पाणी कुठल्या बाजूला जातं? पोर्चच्या वर भिंतीत खिडकी, पाइप, कशाचे बोल्ट, असं काय काय आहे? आणि स्लॅबचं स्टील जुन्या भिंतीत घातलं होतं की नुसता खाचेत टेकवलाय?

फुलेवाडीकर
२५ एप्रिल, दुपारी १:१५

काका आभारी आहे. जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन वर चढलो, तळपाय भाजले, तुमचं खरं आहे 😀

१) पाच-सहा तांबे पाणी ओतून बघितलं. बरंचसं पुढच्या डाव्या कोपऱ्यातल्या पाइपकडं जातंय, पण भिंतीलगत उजवीकडं परातीएवढं डबकं राहतंय.
२) पोर्चच्या वर बेडरूमची खिडकी, ॲल्युमिनियमची सरकती, खाली कडप्प्याची पट्टी. शिवाय डिशचा स्टँड, चार बोल्टवर.
३) स्टीलचं पप्पांना विचारलं, ते म्हणाले भिंतीत चार इंच खाच पाडून त्यात टेकवलाय, स्टील काय घातलं नाही.

गवंड्याचा_पोरगा
२५ एप्रिल, रात्री ८:३०

ओळंबा काकांचा मान राखून बोलतो. एवढा मोठा इषय नाही ओ. वरनं कोपऱ्यात वाटा मारायचा, म्हणजे वाळू-सिमेंटात वॉटरप्रूफिंगचं लिक्विड टाकून भिंत आणि स्लॅबच्या कोपऱ्याला तिरका गोल भराव, वर दोन हात कोटिंग. आमचे वडील आयुष्यभर हेच करत आले, मी पण करतोय, गच्चीला पॅरापेटच्या, म्हणजे कठड्याच्या, कोपऱ्यात कुठं गळत नाही. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

ओळंबा
२५ एप्रिल, रात्री ९:१०

तुझ्या वडिलांचं काम गच्चीवर शंभर टक्के बरोबर. पण तिथं पॅरापेट त्याच स्लॅबवर बसलेला असतो, दोघं एकत्र हलतात, म्हणून वाटा टिकतो. इथं भिंत एका घराची आणि स्लॅब दुसऱ्या घराचा. दोन वेगवेगळ्या हलणाऱ्या गोष्टींवर एक कडक तुकडा चिकटवलास तर तो कुणातरी एकाची बाजू सोडणार. बहुतेक वेळा भिंतीची सोडतो.

गवंड्याचा_पोरगा
२५ एप्रिल, रात्री ९:३५

हां... नंतर जोडलेल्या पोर्चला मी केलेले दोन वाटे फुटलेत, हे कबूल करतो. मी समजत होतो माल कमी पडला.

मोरपीस
२६ एप्रिल, सकाळी ११:००

मधेच घुसते, वेगळा धागा काढू का? आमच्या पोर्चला स्लॅब नाही, लोखंडी चौकट आणि वर पॉलिकार्बोनेट शीट, राजारामपुरीत. दुपारी कड्कड् आवाज येतो आणि स्क्रूपाशी पाणी टपकतं. स्क्रूच्या डोक्यावर सिलिकॉन थापून झालं, दोन महिन्यात सुटलं.

उद्यमनगरी
२६ एप्रिल, दुपारी ४:४५

ताई इथंच सांगतो. माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, हे रोजचंच आहे. तो कड्कड् आवाज म्हणजे शीट वाढताना स्क्रूला अडकून सुटायला बघतंय. पॉलिकार्बोनेट लोखंडापेक्षा पाचपट जास्त वाढतं. १० फुटाचं शीट आणि ४० डिग्रीचा फरक धरा, शीट जवळजवळ ८ मिमी वाढणार आणि खालचा पाइप दीड मिमी. तुमच्या फिटरनं शीटला स्क्रूच्या मापाचंच भोक पाडलं असेल, मग शीटला जायला जागा नाही, ते भोकच ओढून लांबट करतंय. भोक स्क्रूपेक्षा मोठं पाहिजे, वर रुंद वॉशर आणि त्याखाली ईपीडीएम रबर, आणि स्क्रू रबर नुसतं बसेल एवढाच आवळायचा, रबर चेपून बाहेर आलं म्हणजे जास्त झालं. आमच्याकडची पोरं ड्रिल मशीन हातात आली की पार दात-ओठ खाऊन आवळतात, त्यांना ओरडून ओरडून घसा बसतो माझा.

आणखी दोन गोष्टी बघा. एक, शीटची ऊन झेलायची बाजू बहुतेक शीटमध्ये एकच असते, फिल्मवर छापलेलं असतंय, उलटी बसली असेल तर दोन-तीन वर्षात पिवळी पडून तडकेल. दोन, आतनं नळ्या-नळ्यांचं शीट असेल तर नळ्या उताराच्या दिशेनं पाहिजेत, वरचं तोंड पक्क्या टेपनं बंद आणि खालचं तोंड जाळीच्या टेपनं, म्हणजे आतला दमट बाहेर जाईल. दोन्ही तोंडं गच्च बंद केली की आत शेवाळ.

मोरपीस
२६ एप्रिल, सायंकाळी ६:१०

शेवाळ आहे 😭 मला वाटायचं ते डिझाइन आहे. धन्यवाद दादा, फिटरला आत्ताच फोन लावते.

ओळंबा
२६ एप्रिल, रात्री ८:००

फुलेवाडीकर, आता मूळ मुद्द्यावर. तुझ्याकडं संशयित तीन: कोपऱ्यातली फट, खिडकी आणि डिशचे बोल्ट. अंदाजावर पैसे घालू नको, पाण्याची परीक्षा घे. सांगतो तशीच घे.

आधी वडिलांचं व्हाइट सिमेंट पूर्ण खरवडून काढ. त्यांना वाईट वाटेल, पण पाण्याला खरं बोलू दे. मग चार-पाच दिवस भिंत कोरडी होऊ दे, मधे वळीव आला तर पुन्हा दिवस मोज. हॉलमधल्या ओलीच्या कडेनं पेन्सिलनं रेघ मार. मग बागेच्या पाइपनं पाणी सोड, पण खालून वर जायचं. आधी नुसता स्लॅब, भिंतीपासून दोन फूट लांब, १५ मिनिटं. थांब, बघ. मग फटीवर १५ मिनिटं. थांब, बघ. मग खिडकीच्या खालची भिंत आणि बोल्ट, मग कडप्पा, शेवटी खिडकीची चौकट. एकानं वर, एकानं खाली, फोनवर बोलत. वरून सुरुवात केलीस तर पाणी खाली येताना सगळंच भिजवेल आणि तुला काही कळणार नाही. जोराची धार मारू नको, पावसासारखं पाणी पडू दे.

आणि पोर्चच्या दिव्याचा एमसीबी आधी पाड. गळक्या स्लॅबातून वायर गेलेली असते हे लोक विसरतात.

तांबडा_पांढरा
२६ एप्रिल, रात्री ८:२०

काका तुम्ही पोलीस खात्यात पाहिजे होता. संशयित, परीक्षा, पेन्सिलची रेघ...

फुलेवाडीकर
४ मे, रात्री १०:३०

रिपोर्ट. आज रविवार, सकाळी नऊला सुरुवात, मी वर, बायको खाली, पप्पा खुर्ची टाकून प्रेक्षक.

स्लॅब १५ मिनिटं: काही नाही.
फट: सातव्या मिनिटाला पोर्चमध्ये ठिबक चालू, डबकं साचतंय बरोबर त्याच्या खाली. पण हॉल कोरडा! पेन्सिलच्या रेघेबाहेर एक कण नाही.
खालची भिंत, बोल्ट: नवीन काही नाही.
कडप्पा: काही नाही.
खिडकीची चौकट: बारा-तेरा मिनिटं झाली आणि खालनं बायकोची हाक, "आलं आलं आलं". हॉलमधली ओल रेघ ओलांडून खाली यायला लागली.

म्हणजे आम्ही समजत होतो एक गळती, निघाल्या दोन. पण खिडकी २८ वर्षांत कधी गळली नाही, आत्ताच का? चौकट जवळनं बघितली तर खालच्या ट्रॅकमध्ये पाणी तुडुंब भरलेलं, हौदासारखं, आणि कोपऱ्यातल्या जोडातनं आत भिंतीत उतरतंय. ते बाहेर जाईना कारण ट्रॅकला बाहेरच्या अंगाला जी बारकी लांबट भोकं असतात ती दोन्ही सिलिकॉननं बुजवलेली. कुणी बुजवली? मागच्या दिवाळीत रंगकाम झालं, पेंटरला मीच सांगितलं होतं, "जिथं म्हणून भोक दिसतंय तिथं भर बाबा, पाणी यायला नको."

पप्पा काही बोलले नाहीत. फक्त माझ्याकडं बघत होते.

तांबडा_पांढरा
४ मे, रात्री १०:४१

नाद खुळा 😂😂 खरा आरोपी फिर्यादीच निघाला

ओळंबा
५ मे, सकाळी ६:३०

शाबास. शंभरातली निम्मी माणसं ही परीक्षा न करता पत्रा मारून मोकळी होतात, आणि तुझ्या बाबतीत ४५ हजार घालूनही हॉल ओलाच राहिला असता, कारण खिडकी पत्र्याच्या वरच राहिली असती. सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमध्ये पाणी येतंच, ते बाहेर काढायलाच ती भोकं ठेवलेली असतात. ब्लेडनं सिलिकॉन काप, भोकं तारेनं मोकळी कर, तांब्याभर पाणी ट्रॅकमध्ये ओत, बाहेर गेलं पाहिजे. कोपऱ्याच्या जोडात आतून थोडं सिलिकॉन चालेल. कडप्प्याला बाहेर उतार आहे का बघ, आणि त्याच्या बाहेरच्या कडेला खालून बोटभर खाच असावी, म्हणजे पाणी तिथं तुटून थेंब खाली पडतो, भिंतीवरून ओघळत नाही. नसेल तर ग्राइंडरनं पाडता येते.

पुण्यात_अडकलेला
५ मे, सकाळी ९:१५

आत्ता बाबांना फोन केला, खिडकीची भोकं बघायला सांगितलं. त्यांनी "त्यातनं मुंग्या येतात" म्हणून कागदाचे बोळे कोंबलेत 🤦

फुलेवाडीकर
५ मे, रात्री ८:५०

खिडकीचं काम झालं, शून्य खर्च, फक्त इज्जत गेली. आता फटीचं सांगा. दुकानात गेलो तर सीलंटच्या, म्हणजे फट भरायच्या रबरी मालाच्या, पंधरा प्रकारच्या नळ्या दाखवल्या, ॲक्रेलिक, सिलिकॉन, पीयू (पॉलियुरेथेन). दुकानदार म्हणतोय सिलिकॉन सगळ्यात भारी.

उद्यमनगरी
६ मे, दुपारी २:००

सिलिकॉन ताणतंय चांगलं, उन्हालाही टिकतंय, पण व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं साधं सिलिकॉन सिमेंटला लावू नका, ते काचेला बरं. सिमेंटवर ते नीट धरत नाही आणि जस्ताच्या पत्र्याला तर गंज आणतंय. लावायचंच तर न्यूट्रल, म्हणजे तो आंबट वास नसलेलं, घ्या. पण त्यावर रंग बसत नाही, आणि उद्या ते काढून दुसरं काय लावायला गेलात तर तेलकट थर राहतोय, त्यावर काहीच चिकटत नाही.

पोर्चच्या जोडाला पीयू सीलंट घ्या. सिमेंटला घट्ट धरतंय, रबरासारखं ताणतंय, वर रंग मारता येतोय. उघडं ठेवलं तर उन्हानं काही वर्षात पिठूळ होतंय, म्हणून रंग किंवा वर पत्रा पाहिजेच. ॲक्रेलिक आतल्या बारीक भेगांना ठीक, पाणी साचतंय तिथं नाही.

आणि नुसत्या सीलंटवर भरवसा ठेवू नका, वर फ्लॅशिंग मारा. इंग्रजी एल अक्षरासारखा वाकवलेला जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पत्रा, वरची कड भिंतीत चर मारून घुसवायची, खालचा पाय स्लॅबवर. पाणी सीलंटपर्यंत पोचलंच नाही पाहिजे.

ओळंबा
६ मे, रात्री ८:१५

बरोबर. फक्त एक ध्यानात ठेव, पत्रा भिंतीलाच धरलेला पाहिजे, खाली स्लॅबला स्क्रू मारू नको. दोन्हीकडं धरलास की पुन्हा तोच खेळ, स्लॅब हलला की पत्रा ओढणार.

सीलंट भरायची रीत. फट ग्राइंडरनं एकसारखी १२ मिमी रुंद करून घे, तोंडाला मास्क लाव, ती धूळ छातीला वाईट. ब्रशनं आणि ब्लोअरनं साफ, पाण्यानं धुतलीस तर दोन दिवस वाळव. मग आत फोमची गोल दोरी, दुकानात बॅकर रॉड म्हणून मागायची, फटीपेक्षा थोडी जाड, १५ मिमीची, दाबून बसव. ती कशाला, तर एक म्हणजे माल वाया जात नाही, पण खरं कारण वेगळं आहे: सीलंट दोन्ही भिंतींना चिकटलं पाहिजे, तळाला नाही. तळालाही चिकटलं तर त्याला ताणायला मोकळीक राहत नाही आणि ते मधे फाटतं. रबर बँड दोन बोटात ताणून बघ आणि मग तोच टेबलाला चिकटवून ताणून बघ, कळेल. जाडी रुंदीच्या निम्मी, म्हणजे ६-७ मिमी. जास्त जाड म्हणजे जास्त मजबूत हा गैरसमज आहे.

जांभ्याचं_घर
७ मे, सकाळी १०:००

आमचं आजऱ्याकडं जांभ्याच्या चिऱ्याचं घर आहे, पडवीला पत्रा. चिऱ्यावर कुठलंच सीलंट धरेना, हात लावला की लाल भुगा निघतो. आमच्यात काय करावं?

गवंड्याचा_पोरगा
७ मे, रात्री ९:००

चिऱ्यावर डायरेक्ट काहीच मारू नका दादा. पडवीचा पत्रा जिथं भिंतीला मिळतोय तिथं वीतभर रुंद गिलाव्याची पट्टी करा, आधी चिरा तारेच्या ब्रशनं घासून, भिजवून, सिमेंटचं पातळ पाणी मारून. १०-१५ दिवस पट्टी पिकू दे, वाळू दे, मग त्याच्यात चर मारून पत्रा घुसवा. आणि भिंतीचा बाकी चिरा पाणी पितोच, वरच्या बाजूनं ओढलेलं पाणी पत्र्याच्या आत उतरू शकतंय, त्यामुळं पावसाच्या तोंडाची भिंत असेल तर गिलावा सगळीकडंच बरा.

फुलेवाडीकर
१८ मे, रात्री ११:१०

झालं काम!! हाताचं काम तीन दिवसांचं, वाळायचे दिवस वेगळे. फोटो टाकायचेत पण अपलोड होईनात.

पहिल्या दिवशी ग्राइंडर. शेजारच्या काकूंचं वाळवण होतं, कुरडया. मी बघितलंच नाही. पुढचं लिहीत नाही.

फट मोकळी केली तेव्हा आतनं काय काय निघालं: व्हाइट सिमेंटचे दहा वर्षांचे थर, थर्माकोल, एक अख्खी गोणपाटाची पट्टी. पप्पा म्हणाले गोणपाट माझं नाही, ते मिस्त्रीचं. गवंड्याच्या पोरानं (इथलेच, प्रत्यक्ष आले घरी, मोठ्या मनाचा माणूस) डबक्याच्या जागी पॉलिमर घातलेल्या मसाल्यानं उतार करून दिला, आता पाणी पाइपकडं पळतंय. चार दिवस वाळवलं. मग बॅकर रॉड, कडेला मास्किंग टेप, प्रायमर, पीयू. हिशोब आधीच केला होता, १४ फूट म्हणजे ४३० सेंमी, १२ बाय ७ मिमीचा पट्टा, साधारण ३६० मिली. ६०० मिलीच्या एका सॉसेजमध्ये (पीयूचं लांबट पाकीट) झालं. दुकानदार तीन देत होता. साबणाच्या पाण्यात चमचा बुडवून वरनं फिरवला, एकदम गुळगुळीत. ते रोज दोन-तीन मिमीच आत वाळतंय म्हणून तीन दिवस कुणाला वर चढू दिलं नाही.

मग उद्यमनगरातनं फ्लॅशिंग वाकवून आणलं, दोन तुकडे, मधे चार इंचाचा ओव्हरलॅप. भिंतीत २० मिमीचा चर, त्यात वरची कड, वर पुन्हा पीयू. एकूण खर्च मजुरीसकट साडेसहा हजार.

गवंड्याचा_पोरगा
१९ मे, सकाळी ७:३०

काकूंच्या कुरडयांचं भरून दिलं का ते सांगा आधी 😀 आणि तुमच्या पप्पांनी चहाबरोबर जो भडंग दिला तो कुठनं आणला?

फुलेवाडीकर
१९ मे, सकाळी ८:०५

कुरडयांच्या बदल्यात आईनं निम्मा डबा सांडगे दिले, प्रकरण मिटलं. भडंग घरचाच.

मोरपीस
२ जून, दुपारी १२:२०

आमची पण शीट पुन्हा बसवली, भोकं मोठी करून, रबरं बदलून. दुपारचा आवाज पूर्ण बंद. सासूबाई म्हणतात आता फार शांत वाटतं, झोप लागत नाही.

फुलेवाडीकर
२६ जुलै, रात्री ९:४०

खरी परीक्षा झाली. गेले नऊ दिवस सूर्य नाही, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून गेली आणि ४३ ची धोका पातळी गाठते की काय म्हणून सगळं गाव फोनला डोळे लावून बसलंय. हॉल: कोरडा ठणठणीत, पेन्सिलची रेघ तशीच, आईला ती पुसायची आहे, मी पुसू देत नाही. पोर्चची फट: १४ फुटातली साडेतेरा फूट कोरडी.

उरलेला अर्धा फूट, डाव्या टोकाला, एकसारखं नाही पण वारं भिंतीच्या कडेनं घुसलं की थेंब येतोय.

उद्यमनगरी
२६ जुलै, रात्री १०:००

फ्लॅशिंगचं टोक वर वळवलंय का?

फुलेवाडीकर
२६ जुलै, रात्री १०:०४

वळवायचं असतं?

उद्यमनगरी
२६ जुलै, रात्री १०:१२

मालक, पत्रा नेताना सांगितलं होतं की, दोन्ही टोकं इंचभर वर दुमडा नायतर वाऱ्यानं पाणी पत्र्याखालनं आडवं पळत जाऊन टोकाला उतरतंय. तुमचं लक्ष तेव्हा फोनमध्ये होतं. आता भिजल्यात काय करू नका, पीयू ओल्याला धरत नाही. उघडीप मिळून दोन दिवस कोरडं झालं की पक्कडीनं टोक वर दुमडा आणि कोपऱ्यात थोडा पीयू, राहिलेल्या सॉसेजमधला आता वाळला असेल, नवीन घ्या. तोवर बादली.

ओळंबा
२७ जुलै, सकाळी ६:३५

आणि खालून काही भरायचं नाही. त्या थेंबाला पडू दे.

फुलेवाडीकर
२७ जुलै, सकाळी ७:१०

काका उशीर झाला. आत्ता खाली आलो तर पोर्चात शिडी लागलीय आणि पप्पांच्या हातात व्हाइट सिमेंटची पिशवी आहे. थांबा, येतो.